लाडका कुत्रा आणि नकोशा शिंका

घरातील एखाद्याला प्राण्यांची अ‍ॅलर्जी असेल तर कुत्रा पाळूच नये का? आणि कुत्रा आधीच घरात असेल तर काय करावे? शास्त्र काय सांगते आणि फ्लॅटमधल्या संसारात काय शक्य आहे, याचा हा आढावा.

- प्रतिनिधी

कुत्र्याचे पिल्लू घरात आले की पहिले काही दिवस कौतुकात जातात. मुले शाळेतून धावत घरी येतात, आजोबांना सकाळच्या फेरीसाठी सोबती मिळतो आणि शेजारीपाजारीही डोकावून जातात. काही आठवड्यांनी मात्र घरातल्या कोणाला तरी सकाळी उठल्याबरोबर शिंका सुरू होतात. डोळे चुरचुरतात, नाक चोंदते, रात्री कोरडा खोकला येतो. 'हवा बदलली असेल' म्हणून प्रारंभी दुर्लक्ष केले जाते. खोकला थांबत नाही तेव्हा डॉक्टरांकडे जाणे होते आणि 'घरात प्राणी आहे का?' या प्रश्नाचे उत्तर ऐकताच निकाल दिला जातो, 'आधी कुत्रा घराबाहेर काढा!'

येथून घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, माणसाच्या श्वासापेक्षा कुत्रा मोठा नाही. दुसरा म्हणतो, थोडे दिवस सोसा, शरीराला सवय होईल. दोन्ही मते प्रामाणिक असली तरी दोन्ही घाईची आहेत. पहिल्यामुळे एका मुक्या जीवाचे घर विनाकारण सुटू शकते, तर दुसऱ्यामुळे एखाद्याचा साधा वाटणारा त्रास दम्यापर्यंत जाऊ शकतो. कुत्र्या-मांजरांची अ‍ॅलर्जी जगातील १० ते २० टक्के लोकांना असावी, असा अंदाज वैद्यकीय आढाव्यांत दिला जातो. हा प्रश्न म्हणूनच थोड्याथोडक्या घरांचा नाही. तो भावनेच्या भरात न सोडवता क्रमाक्रमाने सोडवायला हवा आणि त्या क्रमातील पहिली पायरी निदानाची आहे.

व्हाइट हाऊसलाही पडलेला पेच

या प्रश्नाची जगभर चर्चा झाली ती एका बड्या घरामुळे. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्यावर ४ नोव्हेंबर २००८ रोजी शिकागोतील भाषणात बराक ओबामा यांनी आपल्या दोन्ही मुलींना व्हाइट हाऊसमध्ये पिल्लू आणण्याचे जाहीर आश्वासन दिले. अडचण अशी होती की थोरल्या मालियाला अ‍ॅलर्जी होती. त्यामुळे 'अ‍ॅलर्जी न करणारी' जात शोधणे आले. पुढे एप्रिल २००९ मध्ये सिनेटर टेड केनेडी यांनी भेट दिलेला 'बो' हा पोर्तुगीज वॉटर डॉग जातीचा कुत्रा ओबामा कुटुंबात दाखल झाला. २०१३ मध्ये त्याच जातीची 'सनी' त्याच्या सोबतीला आली. बो २०२१ पर्यंत या कुटुंबाबरोबर राहिला.

या घटनेने 'हायपोअ‍ॅलर्जेनिक', म्हणजे अ‍ॅलर्जीचा धोका कमी असलेला कुत्रा, हा शब्द घराघरांत पोहोचवला. आज आपल्या शहरांतही पिल्ले विकणारे शिह त्झू, पूडल किंवा माल्टीज यांचे गुण सांगताना 'याचे केस गळत नाहीत, अ‍ॅलर्जीची भीती नाही' असे छातीठोकपणे सांगतात आणि त्याबद्दल चढा दरही लावतात. या दाव्यात तथ्य किती, हे पाहण्यापूर्वी अ‍ॅलर्जी नेमकी कशाची असते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

दोष केसांचा नाही

'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रथम वापरला. मराठीत त्याला 'अधिहर्षता' असा पारिभाषिक शब्द असला, तरी 'वावडे' हा आपला घरगुती शब्द अधिक बोलका आहे. एखादा पदार्थ इतरांना निरुपद्रवी असतो, मात्र काहींची प्रतिकारशक्ती त्यालाच शत्रू समजून बसते. 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे या गैरसमजाच्या मुळाशी असतात, हे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काम करणारे इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील संशोधक यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले.

कुत्र्याच्या बाबतीत हा 'शत्रू' म्हणजे काही विशिष्ट प्रथिने. ती कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि मूत्रात असतात. कुत्रा अंग चाटतो तेव्हा लाळ केसांवर वाळते, त्वचेचा कोंडा सतत झडत राहतो आणि हे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. म्हणजे केस ही केवळ वाहतुकीची सोय आहे. केस आखूड असोत, लांब असोत वा कुरळे असोत, लाळ आणि त्वचा प्रत्येक कुत्र्याला असतेच. गळालेला केस डोळ्यांना दिसतो म्हणून दोष त्याच्या माथी येतो, इतकेच.

शास्त्रज्ञांनी कुत्र्याची अशी किमान आठ प्रथिने नोंदवली असून त्यांना 'कॅन एफ १', 'कॅन एफ २' अशी क्रमवार नावे दिली आहेत. 'कॅनिस फॅमिलिअ‍ॅरिस' या कुत्र्याच्या शास्त्रीय नावाचे ते संक्षिप्त रूप. यातील 'कॅन एफ १' हे सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीच्या नाकात हे प्रथिन शिरले की तेथील पेशींवर आधीच बसलेल्या प्रतिपिंडांना ते चिकटते, पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन आणि इतर रसायने बाहेर टाकतात आणि काही मिनिटांत शिंका, पाणी, खाज यांचा मारा सुरू होतो. हीच प्रक्रिया श्वासनलिकांत घडली तर त्या आकुंचन पावतात आणि धाप लागते.

या कणांपैकी काही इतके बारीक असतात की ते बराच वेळ हवेत तरंगत राहतात. ते कपड्यांना चिकटून इतरत्रही जातात. ज्या घरांत वा शाळांत कधी कुत्रा आलेला नाही, तेथील धुळीतही ही प्रथिने सापडतात. 'आमच्याकडे कुत्रा नाही, मग अ‍ॅलर्जी कुठून आली?' या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. घरातून कुत्रा गेला तरी ही प्रथिने लगेच जात नाहीत, ती कित्येक आठवडे, प्रसंगी महिने गाद्या-सोफ्यांत टिकून राहतात. 'दोन दिवस कुत्रा मावशीकडे ठेवून पाहिला, खोकला तसाच राहिला, म्हणजे कुत्र्याचा दोष नाही', हा घरगुती प्रयोग त्यामुळेच फसवा ठरतो.

लॅब्राडूडलचा धडा

अ‍ॅलर्जी न करणारा कुत्रा 'घडवण्याचा' सर्वांत गाजलेला प्रयत्न ऑस्ट्रेलियात झाला. हवाई बेटांवरील एका दृष्टिहीन महिलेला मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. ऑस्ट्रेलियातील मार्गदर्शक श्वान संस्थेत काम करणारे वॉली कॉनरॉन यांनी आधी अनेक पूडल तपासून पाहिले, पण या कामाला ते उतरेनात. अखेर १९८९ मध्ये त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. तिघांचे केस व लाळ हवाईला पाठवली गेली आणि त्यांतील एकाच पिल्लाच्या नमुन्याने त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. तोच कुत्रा पुढे मार्गदर्शक म्हणून रुजू झाला.

या संकराला 'लॅब्राडूडल' हे नाव मिळाले आणि पाहता पाहता त्याची जगभर लाट आली. या कथेतील महत्त्वाचा तपशील मात्र जाहिरातींत हरवला. एकाच आईबापाच्या तीन पिल्लांपैकी दोन त्या गृहस्थांसाठी निरुपयोगी ठरली होती! नफ्यासाठी वाटेल तसे संकर करणाऱ्यांचे पेव फुटल्याने खुद्द कॉनरॉन यांनीच आपल्या या कामाबद्दल २०१९ मध्ये जाहीर खंत व्यक्त केली.

शास्त्रीय तपासणीतही या दाव्याला आधार मिळाला नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या संशोधकांनी एकेक कुत्रा असलेल्या १७३ घरांतील धूळ तपासली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 'अ‍ॅलर्जीमुक्त' म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या आणि इतर जातींच्या घरांत 'कॅन एफ १'च्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासाने तर उलटेच चित्र दाखवले. तथाकथित 'अ‍ॅलर्जीमुक्त' जातींच्या केसांवर हे प्रथिन इतर जातींपेक्षा अधिक प्रमाणात मिळाले आणि घरातील हवेतील प्रमाणात फरक दिसला नाही.

याचा अर्थ सर्व कुत्रे सारखेच, असा मात्र नाही. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत प्रथिनांचे प्रमाण कमालीचे वेगळे असू शकते. फरक जातीजातीत नसून कुत्र्याकुत्र्यात आहे. त्यामुळे जातीच्या नावावर जादा पैसे मोजणे व्यर्थ आहे. आपल्याकडील मुधोळ किंवा कारवान जातीचा आखूड केसांचा हाउंड, रस्त्यावरून दत्तक घेतलेला देशी कुत्रा आणि महागडा पूडल हे तिघेही अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने एकाच रांगेत उभे आहेत.

नर की मादी?

एका बाबतीत मात्र संशोधनाने खरोखर उपयुक्त माहिती दिली आहे. 'कॅन एफ ५' हे प्रथिन नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते आणि मूत्रावाटे बाहेर पडते. कुत्र्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काही रुग्णांची प्रतिकारशक्ती केवळ याच एका प्रथिनाविरुद्ध चिडलेली असते. अशा व्यक्तींना मादी किंवा खच्चीकरण केलेला नर यांच्या सहवासात त्रास कमी होण्याची शक्यता असते. रक्ताच्या तपासणीत प्रत्येक प्रथिनाची प्रतिपिंडे स्वतंत्रपणे मोजण्याची सोय आता उपलब्ध आहे. ती सर्वांना आवश्यक नाही, तसेच तिचा खर्चही अधिक आहे. परंतु कुत्रा घेण्याचा विचार पक्का असेल आणि अ‍ॅलर्जी सिद्ध झालेली असेल, तर याविषयी तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलणे हिताचे ठरते.

आरोपी कुत्राच कशावरून?

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नाक वाहण्याला कारणांचा तोटा नाही. धुळीतील डोळ्यांना न दिसणारे माइट्स हे त्यांतील सर्वांत मोठे कारण. गाद्या, उशा, जुन्या गोधड्या आणि सोफा हे त्यांचे माहेरघर. पावसाळ्यातील दमट हवेत ते झपाट्याने वाढतात. भिंतींना आलेली ओल आणि बुरशी, स्वयंपाकघरातील झुरळे, खिडकीवरील कबुतरांची विष्ठा, फुलांचे परागकण, उदबत्तीचा आणि वाहनांचा धूर अशी ही यादी लांबत जाते. कुत्रा या यादीतील एक संशयित आहे. तो दिसतो, भुंकतो, केस टाकतो, त्यामुळे आरोपाचे बोट चटकन त्याच्याकडे वळते.

कुत्र्याबरोबर नित्य राहणाऱ्या व्यक्तीत लक्षणे नेहमी ठळक नसतात, हीही एक अडचण आहे. कुत्र्याजवळ जाताच शिंका आल्या तर निदान सोपे. पण रोजच्या सहवासात बरेचदा केवळ सतत चोंदलेले नाक, घोरणे, सकाळचा खोकला आणि अपुरी झोप एवढेच दिसते आणि ते वर्षानुवर्षे 'सर्दीचा कोठा' म्हणून खपून जाते. अशा व्यक्तीला दोन-तीन आठवडे गावी राहून आल्यावर, घरात पाऊल टाकताच जोराचा त्रास झाला, तर तो महत्त्वाचा धागा समजावा. दुसरीकडे, कुत्रा आल्यावर अंगावर गोल, कडा लालसर असलेले, खाजणारे चट्टे उठले तर ते बहुधा अ‍ॅलर्जीचे नसतात. तो नायटा किंवा पिसवांच्या चाव्यांचा परिणाम असू शकतो आणि त्याचे उपचार माणसाबरोबर कुत्र्यावरही करावे लागतात.

संशय दूर करण्यासाठी 'स्किन प्रिक' ही साधी चाचणी केली जाते. हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून त्वचेला हलकेच टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी गांधी उठते का, ते पाहतात. चाचणीपूर्वी साधारण आठवडाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद ठेवाव्या लागतात, अन्यथा निकाल चुकतो. त्वचेची चाचणी शक्य नसेल तर रक्तातील आयजीई मोजता येते. मात्र चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे आजार आहेच, असे नव्हे. शरीरात प्रतिपिंडे असूनही अनेकांना प्रत्यक्षात काहीच त्रास होत नाही. चाचणीचा निकाल आणि रुग्णाची हकिगत यांची सांगड घालूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात. शेकडो पदार्थांची एकदम तपासणी करून देणारी आकर्षक पॅकेजेस स्वतःहून करून घेण्यात म्हणूनच शहाणपण नाही. माइट्सची अ‍ॅलर्जी निघाली आणि कुत्र्याची निघाली नाही, तर कुत्रा बाहेर काढूनही खोकला घरातच राहील!

एकाच छपराखाली राहायचे तर...

चाचणीत कुत्र्याची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली, त्रास सौम्य वा मध्यम आहे आणि दमा नाही किंवा पूर्ण नियंत्रणात आहे, अशा परिस्थितीत सहजीवनाचा प्रयत्न करता येतो. त्यासाठी काही नियम घरातील सर्वांनी पाळावे लागतात.

पहिला नियम झोपण्याच्या खोलीचा. दिवसातील सात-आठ तास माणूस तेथे श्वास घेतो. त्यामुळे अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीच्या झोपण्याच्या खोलीत कुत्र्याला पूर्ण बंदी हवी. 'फक्त दिवसा' किंवा 'फक्त खाटेखाली' अशी सवलत देऊ नये, कारण कण मागे राहतातच. एक खोली-स्वयंपाकघराच्या जागेत हे अवघड आहे, हे मान्य करावे लागेल. तेथे निदान अंथरूण दिवसभर बंद कपाटात किंवा झाकून ठेवणे आणि कुत्र्याची जागा झोपण्याच्या जागेपासून शक्य तितकी दूर ठरवणे, एवढे करता येते.

दुसरा नियम स्वच्छतेच्या पद्धतीचा. पाश्चात्त्य देशांतील सल्ल्यांत घरभर अंथरलेला गालिचा काढून टाकण्यावर मोठा भर असतो. आपल्या घरांतील लादी ही या बाबतीत जमेची बाजू आहे. पण केरसुणीने कोरडे झाडल्याने बसलेले कण पुन्हा हवेत उडतात. त्याऐवजी ओल्या फडक्याने रोज फरशी पुसणे अधिक परिणामकारक ठरते. पंख्याची पाती, खिडक्यांच्या जाळ्या, जाड पडदे आणि कापडी सोफा यांत कण साठतात. सोफ्यावर धुता येण्याजोगी चादर टाकावी आणि ती, तसेच पलंगपोस व उशांचे अभ्रे, आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवावेत. एअर कंडिशनर खोलीतीलच हवा पुन्हा पुन्हा फिरवत असतो, त्यामुळे त्याची जाळी नियमित धुवावी आणि दिवसातून काही वेळ खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ही साफसफाई ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याने करू नये. अनेक घरांत नाक वाहणारी गृहिणीच कुत्र्याचे केस झाडत असते, हे दृश्य बदलायला हवे.

तिसरा नियम कुत्र्याच्या अंघोळीचा. कुत्र्याला अंघोळ घातल्याने प्रथिनांचे प्रमाण कमी होते, पण हा परिणाम फार काळ टिकत नाही. १९९९ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा, की लाभ टिकवायचा तर आठवड्यातून दोनदा अंघोळ हवी. आपल्याकडील बहुतेक घरांत कुत्र्याला महिन्यातून एकदा-दोनदा अंघोळ मिळते, तिचा अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने फारसा उपयोग नाही. अर्थात वारंवार अंघोळीने कुत्र्याची त्वचा कोरडी पडू शकते. त्यामुळे माणसाचा शाम्पू न वापरता पशुवैद्याच्या सल्ल्याने सौम्य शाम्पू निवडावा आणि पावसाळ्यात अंग पूर्ण कोरडे करावे. केस विंचरण्याचे काम घराबाहेर, गॅलरीत किंवा गच्चीवर आणि अ‍ॅलर्जी नसलेल्या व्यक्तीने करावे.

चौथी गोष्ट हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची. 'हेपा' गाळणी असलेले यंत्र ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवू शकते. हवेत तरंगणारी कुत्र्याची प्रथिने त्यामुळे कमी होतात. गादीत आणि सोफ्यात रुतलेल्या कणांपुढे मात्र हे यंत्र हतबल आहे. झोपण्याच्या खोलीत कुत्र्याला बंदी घालून तेथे यंत्र लावले तर त्याचा उपयोग, अन्यथा तो केवळ खर्च.

याखेरीज काही साध्या सवयी लावून घ्याव्यात. कुत्र्याला कुरवाळल्यावर हात साबणाने धुवावेत, तोवर डोळ्यांना हात लावू नये. त्याला तोंड चाटू देऊ नये. त्याची गोधडी वा अंथरूण दर आठवड्याला धुवावे. पिल्लासाठी घरात पसरलेली रद्दी उचलण्याचे काम अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीकडे देऊ नये. यातील कोणताही एक उपाय एकटा पुरेसा नाही. सर्व एकत्र आणि सातत्याने केले तरच फरक जाणवतो, तोही काही आठवड्यांनी.

औषधांना घाबरू नये

घरातील बदलांना औषधांची जोड बहुतेकांना लागतेच. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या गोळ्या शिंका आणि खाज कमी करतात. सतत चोंदलेल्या नाकावर स्टिरॉइडचा नाकात मारायचा फवारा अधिक परिणामकारक मानला जातो, मात्र तो नियमित घ्यावा लागतो. दुकानातून सहज मिळणारे, नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब काही दिवसांपलीकडे वापरू नयेत. त्यांच्या अतिवापराने नाक उलट अधिक चोंदते.

दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या 'पंपा'विषयी आपल्याकडे विलक्षण भीती आहे. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय' असे समज सुशिक्षित घरांतही आढळतात. वस्तुस्थिती अशी की पंपातून औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने त्याची मात्रा अगदी अल्प पुरते. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबून राहणे मात्र धोक्याचे आहे. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या 'जीना' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने २०१९ पासून अशा एकट्या पंपाचा वापर न करण्याची आणि सूज कमी करणारे औषध सोबत घेण्याची शिफारस केली आहे. कुत्र्याच्या मोहापायी दम्याची औषधे टाळणारा रुग्ण स्वतःला आणि अखेरीस कुत्र्यालाही संकटात टाकतो.

काही रुग्णांना 'इम्युनोथेरपी'चा पर्याय सुचवला जातो. ज्याची अ‍ॅलर्जी आहे त्याचाच अर्क अल्प मात्रेपासून वाढवत नेऊन शरीराला सहनशील बनवण्याची ही पद्धत लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये परागकणांसाठी मांडली. हा उपचार साधारण तीन ते पाच वर्षे चालतो. परागकण आणि माइट्स यांच्या तुलनेत कुत्र्याच्या अ‍ॅलर्जीत त्याचे निकाल कमी खात्रीचे आहेत, कारण अर्कांत प्रथिनांचे प्रमाण एकसारखे नसते. इंजेक्शननंतर क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून निदान अर्धा तास दवाखान्यातच थांबावे लागते. दमा नियंत्रणात नसेल तर हा उपचार करत नाहीत.

'सवय होईल' हे कितपत खरे?

लहानपणापासून कुत्र्यासोबत वाढलेल्या मुलांना अ‍ॅलर्जी कमी होते, असे अनेकदा ऐकायला मिळते. त्याला काही आधारही आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आयुष्याच्या पहिल्या वर्षी घरात दोन किंवा अधिक कुत्री-मांजरे असलेल्या मुलांत सहा-सात वर्षांच्या वयात अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती कमी आढळली. २०१५ मध्ये स्वीडनमधील मोठ्या अभ्यासातही पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांमध्ये शालेय वयात दम्याचे प्रमाण काहीसे कमी दिसले.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना मात्र गल्लत होते. हे अभ्यास अ‍ॅलर्जी होण्यापूर्वीच्या, तान्ह्या वयाबद्दल बोलतात. ज्याला अ‍ॅलर्जी जडली आहे त्याला कुत्र्याच्या सहवासाने ती बरी होईल, असे त्यांतून मुळीच सिद्ध होत नाही. काहींचा त्रास काळानुसार कमी होतो, काहींचा वाढतो. कोणाचे काय होईल हे आधी सांगता येत नाही. दमेकरी मुलाला 'सवय लागावी' म्हणून कुत्र्याजवळ ठेवणे हा उपचार नव्हे.

कुत्र्यासाठी दुसरे घर केव्हा शोधावे?

सर्व उपाय मनापासून करूनही काही घरांत यश येत नाही. दिवसा दम्याची लक्षणे आठवड्यातून दोनदापेक्षा अधिक वेळा दिसत असतील, रात्री धाप लागून जाग येत असेल, आराम देणारा पंप वारंवार घ्यावा लागत असेल, तर दमा नियंत्रणात नाही असे समजून डॉक्टरांना भेटावे. एक वाक्य पुरे करताना दम लागणे, ओठ निळसर पडणे, पंप घेऊनही आराम न मिळणे ही तर तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. कुत्र्याची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली आहे, औषधे नीट चालू आहेत आणि तरीही दमा आटोक्यात येत नाही, अशा वेळी कुत्र्यासाठी दुसरे घर शोधणे हाच योग्य निर्णय ठरतो. लहान मुलाच्या बाबतीत तर तो लांबवू नये. यात अपराधी वाटण्याचे कारण नाही.

मात्र दुसरे घर शोधणे आणि सोडून देणे यांत मोठे अंतर आहे. घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावर अन्न शोधू शकत नाही, वाहने आणि इतर कुत्रे यांच्यापासून स्वतःचा बचाव करू शकत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्या कायद्याने ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपये इतका किरकोळ होता, त्यामुळे त्याचा धाक कधी वाटला नाही, हा भाग वेगळा. कुत्र्याला ओळखणारे नातेवाईक, त्याला फिरवणारे मित्र, पशुवैद्याकडे येणारी कुटुंबे आणि दत्तक देण्याचे काम करणाऱ्या प्राणिमित्र संस्था या क्रमाने प्रयत्न केल्यास घर मिळण्याची शक्यता वाढते. लसीकरणाची कागदपत्रे, खाण्याच्या सवयी आणि त्याची नेहमीची गोधडी सोबत दिली तर नव्या घरी तो लवकर रुळतो. त्याच्या पाठवणीनंतर गाद्या, पडदे, सोफा यांची कसून स्वच्छता करावी आणि त्रास कमी होण्यास काही महिने लागू शकतात, हे लक्षात ठेवावे. तोवर औषधे परस्पर बंद करू नयेत.

पिल्लू आणण्यापूर्वी

ज्या घरात कुत्रा अजून आलेला नाही, त्यांचे काम तुलनेने सोपे आहे. घरात कोणाला दमा, वारंवार सर्दी किंवा त्वचेचा इसब असेल तर आधी तज्ज्ञांकडे तपासणी करून घ्यावी. जो कुत्रा घ्यायचा आहे त्याच कुत्र्यासोबत वेगवेगळ्या दिवशी काही तास घालवावेत. शक्य असल्यास दत्तक देणाऱ्या संस्थेशी बोलून तो काही आठवडे तात्पुरता सांभाळायला घ्यावा, कारण एका भेटीत न दिसणारा त्रास दोन-तीन आठवड्यांनी डोके वर काढू शकतो. रोजची फरशी, आठवड्याच्या दोन अंघोळी आणि विंचरणे ही कामे कोण करणार, हे पिल्लू येण्यापूर्वी नावानिशी ठरवावे.

कुत्रा दहा ते पंधरा वर्षे जगतो. आज पाचवीत असलेला मुलगा महाविद्यालयात जाईपर्यंत तो घरात असणार आहे. वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू आणणे आणि पुढच्या पावसाळ्यात खोकल्याचे कारण सांगून ते परत करणे, यात मुलाच्या वाट्याला दुःख आणि पिल्लाच्या वाट्याला बेघरपण येते. तपासणीसाठी लागणारे काही दिवस आणि थोडा खर्च त्यापुढे काहीच नाही.